न्हाणीतून काय दिसावं, आणि कोणाला

(बांधकामाचे प्रश्न या पानावर येतात. उत्तरं देणारी मी वरोऱ्याकडची, गवंड्याची लेक. बापाचं काम आता मीच चालवते.)

प्रश्न : ताई, चिमूर तालुक्यात ताडोबाच्या बफरला (जंगलाच्या बाहेरच्या पट्ट्याला) लागून आमचं धानाचं वावर आहे. बोडीच्या (वावरातल्या छोट्या तळ्याच्या) काठावर तीन तंबू टाकून पर्यटकांना राहायला द्यायचा विचार आहे. मुलगा पुण्याला असतो. तो म्हणतो, ग्लॅम्पिंगचं, म्हणजे सगळ्या सोयी असलेल्या तंबूतल्या मुक्कामाचं, बुकिंग लोक बाथरूमचे फोटो पाहून करतात, तर बोडीकडची भिंत अख्खी काचेची करा आणि बाहेरून दिसू नये म्हणून आरशासारखी फिल्म लावा. घरची मंडळी म्हणते, लोक काय म्हणतील. काय करावं?

उत्तर : भाऊ, वहिनी बरोबर बोलल्या. ती फिल्म उजेडावर चालते. ज्या बाजूला उजेड जास्त, त्या बाजूनं आरसा. दिवसा बाहेर ऊन असतं, म्हणून आतला माणूस झाकलेला राहतो. संध्याकाळच्या सफारीवरून धुळीनं माखून आलेला पाहुणा दिवा लावून आंघोळीला उभा राहिला की सगळं उलटं होतं. त्याला काचेत स्वतःचंच तोंड दिसतं आणि धानाच्या बांधीवरून घरी जाणाऱ्या गड्याला तो अख्खा दिसतो.

दुसरं, तुम्ही पाहुण्याला बोडी दाखवणार कधी? ताडोबाचा कोअर, म्हणजे गाभ्याचं जंगल, जुलै ते सप्टेंबर बंद असतो आणि बोडी तेव्हाच भरते. वाघ दिसण्याची खात्री जास्त म्हणून गर्दी होते एप्रिल-मेमध्ये. तोवर बहुतेक बोड्यांच्या तळाला भेगा पडलेल्या असतात. लाखो रुपयांची काच लावून चिखलाच्या पापड्या कोण पाहील? त्यापेक्षा न्हाणीचं तोंड झाडांकडे करा, किंवा ज्या बांधीत धानानंतर लाखोळी-जवस पेरता तिच्याकडे. डिसेंबर-जानेवारीत जवसाचा निळा फुलोरा मला तरी तलावापेक्षा सरस वाटतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस आहेच. मात्र मोहाच्या झाडाखाली उघडी न्हाणी नको. मार्च-एप्रिलमध्ये फुलं पडतात तेव्हा अस्वलं तिथं येतात, आणि पहाटे मोहफूल वेचायला बायाही येतात. दोघांच्याही समोर पाहुणा टॉवेलवर नको.

दिशा उत्तरेची किंवा पूर्वेची धरा. पश्चिमेला काच म्हणजे चंद्रपूरच्या मे महिन्यात भट्टीच, दुपारी चारला तिथं पाय ठेवता येत नाही. आणि बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर काचेवर पांढरे डाग बसतात. एका रिसॉर्टचं काम पाहायला गेले होते, नाव नाही सांगत. फोटोत जंगल आरपार दिसत होतं, प्रत्यक्षात काच पिठूर झाली होती. रोज वायपर मारून कोरडी केली तरच ती काच राहते, आणि ते काम करणारा माणूस पगारावर लागतो.

मी असते तर काच लावलीच नसती. आपल्याकडे घरामागं सांदवाडीत उघडी न्हाणी असायची, तीच नीट बांधा. खांद्याइतकी, म्हणजे सव्वाचार फुटांची विटांची भिंत. उभ्या माणसाला पलीकडचं दिसतं, बाहेरच्याला फार तर डोकं दिसतं. त्यावर बांबूच्या तट्ट्याचं झडप बसवा, कडी आतून. उघडायचं की नाही ते पाहुणी ठरवेल. वर अर्धं छप्पर, अर्धं आभाळ. संडास मात्र छपराखाली, आणि कमोडवर बसल्यावर डोळा साधारण पावणेचार फुटांवर येतो, तिथं वीतभर उंचीची आडवी फट ठेवा. फोटो त्या फटीचाच काढा, मुलाचं समाधान होईल.

आता खरं काम. बहुतेक लोक नजाऱ्यावर पैसे घालवतात आणि मैल्याचं पाणी कुठं जाईल हे शेवटी विचारतात. धानाच्या भारी जमिनीत शोषखड्डा पावसाळ्यात पाणी शोषत नाही, उलट खालून पाणी वर येतं. म्हणून वावरातली उंच, मुरमाची जागा शोधा, ती विहिरीपासून निदान 60 फूट लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला असू द्या. मग त्या खड्ड्याच्या सोयीनं तंबूची जागा ठरवा. बोडीच्या काठाला चिकटून सेप्टिक टँक केला तर तिचं पाणी शिंगाड्याला, गुरांना, कोणालाच चालणार नाही. आंघोळीचं पाणी वेगळ्या पाइपानं काढून कर्दळी-केळीच्या वाफ्यात सोडा. ते साचू देऊ नका, जंगलालगत साचलेल्या पाण्यावर रानडुकरं येतात आणि त्यांच्या मागं येणारे येतात.

पाण्याची टाकी न्हाणीच्या छपरावर ठेवून मोठा शॉवर लावू नका, नुसती धार गळते. दर 10 मीटर उंचीला साधारण 1 बार दाब मिळतो, तुमच्या 2 मीटरला काय मिळणार? बादली, तांब्या आणि तांब्याचा बंब ठेवा. शहरातल्या माणसाला त्याचं अप्रूप असतं आणि पाणी बादलीभरातच भागतं. टबाला त्याच्या कित्येक पट लागतं.

परवानगीचं थोडक्यात. राज्याच्या 2020 च्या कृषी पर्यटन धोरणात शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. पण व्याघ्र प्रकल्पाभोवतीच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्राचे नियम वेगळे आहेत. त्यामुळे वीट आणण्याआधी वनविभागात गट नंबर दाखवून या.

प्रश्न : डिसेंबरात चिखलदऱ्याला तंबू घेतला आहे. बाथरूममधून दरी दिसते म्हणे. सोबत सत्तरीच्या सासूबाई आहेत. काही धोका? (अकोला)

उत्तर : दरीचा नाही, गीझरचा. गॅसचा गीझर बंद बाथरूमच्या आत असेल तर तो तंबू घेऊच नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस बेशुद्ध झाल्यावर कळतं. गीझर बाहेर आहे ना, हे फोनवर विचारा आणि गेल्यावर डोळ्यांनी पाहा. कमोडशेजारी धरायला दांडा आणि रात्री वाटेवर दिवा असावा. चिखलदरा हजार मीटरच्या वर आहे, उघड्या न्हाणीत सासूबाईंना सकाळी सातला पाठवू नका. ऊन वर आल्यावर आंघोळ, तेव्हाच दरीतलं धुकंही विरलेलं असतं.

प्रश्न : आमच्या तंबूच्या उघड्या न्हाणीतून वानरं साबण नेतात. आणि पाहुणे नसले की मोरीतून वास येतो, झुरळं येतात. (पवनी)

उत्तर : साबण झाकणाच्या डब्यात, डबा साखळीनं बांधलेला. वास मात्र तुमच्याच मोरीचा. ट्रॅपमध्ये, म्हणजे मोरीखालच्या वाकड्या नळीत, थांबलेलं पाणी वास आणि किडा अडवतं. उन्हाळ्यात न्हाणी वापरात नसली की ते आटून जातं. बुकिंग असो-नसो, आठवड्यातून दोनदा प्रत्येक मोरीत आणि कमोडमध्ये बादलीभर पाणी ओता. जाळी नसेल तर तीही बसवा, विंचू त्याच वाटेनं येतो.