आधी फेड की आधी पापनिवेदन?

प्रश्न : बचतगटाची खजिनदार असताना गटाचे 18 हजार रुपये घरखर्चाला वापरले. तेव्हा नवऱ्याचा पगार थकला होता. 12 हजार गुपचूप परत भरले. दहा वर्षं पापनिवेदन (फादरांसमोर पापं कबूल करणं) केलेलं नाही. सगळी रक्कम फेडल्याशिवाय फादरांसमोर जायला मन धजत नाही. देवाची कृपा मला मिळेल का?
– एक भगिनी, वसई

उत्तर : ताई, क्रम उलटा लावलात. लूककृत शुभवर्तमानाचा 19वा अध्याय काढा. येशू आधी जक्कय या श्रीमंत जकातदाराच्या घरी उतरला. लुबाडलेलं चौपट परत देण्याचा शब्द जक्कयाने नंतर दिला. हिशेब पुरा होईपर्यंत कृपा दाराबाहेर थांबत नाही. मात्र उरलेले सहा हजार द्यायचेच आहेत. पापक्षमेने पाप मिटतं, दुसऱ्याचं नुकसान आपोआप भरून निघत नाही, अशी ख्रिस्तसभेची (कॅथोलिक चर्चची) शिकवण आहे.

तेव्हा याच आठवड्यात जा. दहा वर्षांचं सांगायचं आहे, म्हणून मिस्सापूर्वीच्या (चर्चमधल्या मुख्य उपासनेपूर्वीच्या) रांगेत न थांबता फादरांकडून वेगळी वेळ मागून घ्या. आदल्या रात्री दहा आज्ञा समोर ठेवून मन तपासा. शेवटचं पापनिवेदन कधी केलं ते आधी सांगायचं. मग गंभीर पापं कोणती आणि साधारण किती वेळा, ते. ‘माझ्या हातून चुका झाल्या’ एवढं पुरत नाही. ‘गटाचे 18 हजार घेतले, 12 भरले’ असं सरळ सांगा. थकलेला पगार एका वाक्यात आला तर चालेल. त्यापुढे गेलात की पापनिवेदनाची नवऱ्याविरुद्धची तक्रार होते. पश्चात्तापाची प्रार्थना विसरला असलात तर फादर म्हणवून घेतील. तिथे ऐकलेलं ते कुणालाही, पोलिसांनाही, सांगू शकत नाहीत.

आता पैशांचं. ते चर्चच्या दानपेटीत टाकू नका. ही चूक फार जण करतात. पैसे गटातल्या बायकांचे आहेत, त्यांनाच मिळाले पाहिजेत. बायबलमधल्या लेवीय पुस्तकात मुद्दलावर पाचवा हिस्सा जादा द्यायला सांगितलं आहे. तो नियम आज जसाच्या तसा लागू नाही, पण गटाचं बुडालेलं व्याज धरणं न्यायाचंच. नाव उघड करणं सक्तीचं नाही. तुम्ही विनंती केलीत तर फादरांमार्फतही रक्कम पोचवता येईल. पण हिशेबातल्या तुटीचा संशय दुसऱ्या कुणावर आला असेल तर गप्प राहता येणार नाही. तिचं नाव स्वच्छ करणं हाही फेडीचाच भाग आहे.

फेडण्याचा निश्चय पक्का असेल तर पापक्षमा मिळाल्यावर पुढच्याच मिस्सात ख्रिस्तशरीर (पवित्र भाकर) घ्या. शेवटचा हप्ता जाईपर्यंत थांबायची गरज नाही.