भोगीच्या भाजीपासून मागे मोजा : हिवाळी परसबाग आणि घरचे जेवण

शेतकरी बंधू-भगिनींनो,

परतीचा पाऊस ओसरला की कार्यालयात परसबागेचे प्रश्न येऊ लागतात. यंदाचे बहुतेक प्रश्न महिलांचे आहेत आणि ते वाफ्यापासून थेट चुलीपर्यंत जातात. म्हणून उत्तरेही दोन्हींची एकत्र देत आहे.

एक गुंठा जागा आहे, विहिरीला फेब्रुवारीपर्यंत पाणी असते. काय आणि केव्हा लावावे?

ताई, आधी बियाणे आणू नका. आधी भोगीची भाजी डोळ्यांसमोर आणा. भोगी 13 किंवा 14 जानेवारीला येते. त्या भाजीत पडणारे वांगे, गाजर, वाटाणा, ओला हरभरा, पावटा हे सगळे त्या दिवसांत शेतात तयार असतेच. तिथून मागे मोजत या. गाजराला साधारण 90 दिवस लागतात, म्हणजे ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरलेले हवे. हिरव्या घाट्यांसाठी हरभरा त्यानंतर आठवड्याभरात टाका. वाटाण्याचा ‘अर्केल’ वाण दोन महिन्यांत शेंगा देतो, तो नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात लावला तरी भोगीला सापडेल. वांग्याचे बी आता टाकून उशीर होईल. रोपवाटिकेतून तयार रोपे आणा. पावट्याचे वेल मात्र पावसाळ्यातच कुंपणावर चढलेले असावे लागतात. ते राहून गेले असेल तर यंदा शेजारणीकडून घ्या आणि पुढच्या आषाढात बी लावा.

पालेभाज्यांची खरी अडचण वेगळी आहे. पुडी फोडली की आपण सगळी मेथी एकाच दिवशी टाकतो. महिन्याभरात ती एकदम येते, चार दिवस घरात, मग शेजारीपाजारी, उरलेली गुरांना, आणि पुढचे तीन आठवडे बाजारातून विकत. मेथीसाठी तीन छोटे वाफे धरा आणि दर 12 ते 15 दिवसांनी एकच पेरा. कोथिंबिरीचेही तसेच करा. धणे रगडून दोन भाग करा आणि रात्रभर भिजवून पेरा, उगवण चांगली होते. पालक मात्र एकदाच टाकला तरी चालतो. तो मुळासकट न उपटता वरून कापा, पुन्हा फुटतो. चाकवत, चुका आणि शेपूला प्रत्येकी एक वाफा पुरे. बांधाच्या कडेने लसणाच्या पाकळ्या टोचून ठेवा. मोरीचे पाणी केळी, अळू, कर्दळ यांना सोडा. साबणाचे पाणी पालेभाजीच्या वाफ्यात नको.

गाजराला दोन-दोन फाटे फुटतात, काही उभी तडकतात. बी खराब आहे का?

दादा, बियाला दोष देऊ नका. फाटे फुटतात ते ढेकळांमुळे, खड्यांमुळे आणि न कुजलेल्या शेणखतामुळे. माती वीतभर खोल भुसभुशीत करा आणि खत पूर्ण कुजलेलेच घाला. तडकण्याचे कारण पाणी: आठ दिवस कोरडे आणि मग एकदम भरपूर. थोडे पण नियमित द्या. काळ्या जमिनीत गाजर आणि मुळा वरंब्यावर घ्या. गाजराचे बी बारीक असते, ते कोरड्या वाळूत मिसळून पेरा. उगवायला दहा ते पंधरा दिवस लागतात, तोवर वरचा थर सुकू देऊ नका. रोपे बोटभर उंच झाली की विरळणी करा. उपटताना जीव तुटतो हे खरे, पण दाटीत गाजर पोसत नाही.

ढगाळ हवेत मावा (पानांतला रस शोषणारी बारीक कीड) पडतो. कोणते औषध मारावे?

जी भाजी आठवड्यात ताटात येणार तिच्यावर रासायनिक औषध नको. अर्धा किलो निंबोळी पावडर थोड्या पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून गाळून एकूण दहा लिटर करा, चिमूटभर साबणचुरा घाला आणि सायंकाळी फवारा. जोडीला पिवळे चिकट सापळे लावा. आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो: औषध चोळलेले रंगीत बियाणे उरले तर ते कोंबड्यांना टाकू नका आणि घरच्या धान्यात मिसळू नका.

सुनेच्या रक्तात लोह कमी आहे. रोज पालक देतो, तरी वाढत नाही.

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पालकात लोह आहे, पण त्यातला ऑक्झलेट नावाचा घटक ते शरीराला सहजी मिळू देत नाही. म्हणून भिस्त एकट्या पालकावर नको. मेथी, बाजरी, हरभऱ्याचा कोवळा पाला, तीळ हे आलटून पालटून द्या, आणि प्रत्येक जेवणात लिंबू किंवा आवळा असू द्या. आंबटातल्या क जीवनसत्त्वामुळे लोह अंगी लागते. कोवळी मेथी धुऊन मगच चिरा. कांद्याची पात, दाण्याचे कूट, मीठ आणि लिंबू घालून तिचा घोळाणा करा, वरून तेल सोडा. बाजरीच्या गरम भाकरीबरोबर याच्यासारखे जेवण नाही. जेवणावर लगेच चहा मात्र बंद करा, तो लोह अडवतो. अळिवाचे लाडू बाळंतिणीला उत्तम. गरोदरपणात ते टाळण्याची आपली जुनी रीत पाळावी. आणि डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर आहार सुधारला म्हणून त्या मनानेच थांबवू नका. त्या कॅल्शियमच्या गोळीबरोबर एकाच वेळी घेऊ नयेत.

मुले चाकवत खात नाहीत.

ताकात करून पाहा. हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे भिजवून शिजवा, चाकवत वेगळा शिजवून घोटा, बेसन कालवलेले ताक घालून मंद आचेवर ढवळत राहा, आणि लसूण-मिरचीची फोडणी द्या. किंचित गूळ घातला तर मुले वाटीभर मागतात. मुळ्याचा पालाही फेकू नका. पीठ पेरून त्याची भाजी होते आणि पोषणात तो मुळ्याच्या पुढेच आहे.

बाजरीचे पीठ कडू होते अशीही तक्रार आहे. बाजरीत तेलाचा अंश जास्त असल्याने दळल्यावर ती लवकर खवट होते. आठवड्याला लागेल तेवढीच दळून आणा.