बोर्ड बदलला की विंडोज परत टाकायचंच का?

प्रश्न: राजारामपुरीत माझं डीटीपीचं दुकान हाय, मदरबोर्ड उडालाय. रिपेरीवाला म्हणतोय विंडोज नव्यानं टाकाय लागतंय. माझे फॉन्ट, सॉफ्टवेअर सगळं जाणार का ओ?

उत्तर: थांबा दादा, फॉरमॅट मारू देऊ नका! विंडोज १० किंवा ११ असेल तर जुनी एसएसडी (विंडोज आणि फाइल असतात ती डिस्क) नव्या बोर्डाला लावली की पहिल्यांदा जरा वेळ घेतं, ड्रायव्हर शोधतं आणि बहुतेक वेळा सरळ चालू होतं, फक्त आधी एसएसडी दुसऱ्या मशीनला लावून कामाच्या फाइल काढून घ्या, आणि बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) मोड जुनाच ठेवा, म्हणजे मशीन चालू व्हायची पद्धत यूईएफआय असेल तर यूईएफआय, डिस्क जोडायची पद्धत एएचसीआय असेल तर एएचसीआय, निळी स्क्रीन बऱ्याचदा इथंच येते. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी पाहिजेच. लायसन्स मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडलेलं असेल तर अॅक्टिव्हेशन ट्रबलशूटरमधून परत मिळतं, पण मशीनबरोबर आलेलं ओईएम असेल तर नवीन घ्यावं लागू शकतं.