जुन्या फोटोवरचं 'कॅबिनेट' म्हणजे काय?

प्रश्न असा आलाय की घरात पणजोबांचा पगडीतला जुना फोटो सापडला, खाली पुठ्ठ्यावर स्टुडिओच्या नावाशेजारी इंग्रजीत 'कॅबिनेट' छापलंय, तर पणजोबा कुठल्या संस्थानाच्या मंत्रिमंडळात होते का?

नाही, ते फोटोच्या मापाचं नाव आहे. साधारण साडेसहा इंच उंच नि सव्वाचार इंच रुंद पुठ्ठा, त्यावर चिकटवलेला फोटो, तो कॅबिनेट. आपल्याकडचे जुने स्टुडिओवाले सुद्धा 'कॅबिनेट साइज' असंच म्हणायचे. मूळ अर्थ घरातली छोटी खाजगी खोली, तिथे लावायच्या लहान चित्रांना युरोपात आधीपासूनच कॅबिनेट चित्रं म्हणत, आणि राजा सल्लागारांशी अशाच खोलीत बसून बोलायचा म्हणून मंत्रिमंडळालाही तेच नाव पडलं. तेव्हा मूळ एकच, पण तुमच्या फोटोचा राजकारणाशी संबंध नाही.

याच्या आधी चालायचं ते कार्त-द-व्हिझित, भेटकार्डाएवढं. पॅरिसच्या दिस्देरी नावाच्या फोटोग्राफरने १८५४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, एकाच काचेच्या निगेटिव्हवर आठ-आठ पोझ घ्यायच्या आणि कापून वेगळ्या चिकटवायच्या, त्यामुळे पोर्ट्रेट एकदम स्वस्त झालं. त्याच वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजींचे भाऊ नारायण दाजी त्यात होते, आणि हरिश्चंद्र चिंतामण तर एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या फोटोग्राफीच्या वर्गात शिकून पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवू लागले. साहेबांच्या जोडीला आपली माणसं इतक्या लवकर या धंद्यात होती हे मला फार मोलाचं वाटतं, आणि आपण त्यांची नावं पुरेशी घेत नाही.

कॅबिनेट साइज लंडनमध्ये १८६६ ला आली. म्हणून तुमचा पुठ्ठा त्यानंतरचाच, कोणी कॅबिनेट दाखवून '१८५७ चा फोटो' म्हणालं तर मानू नका, फार तर जुन्या फोटोवरून नंतर काढलेली कॉपी असेल. नक्की साल हवं असेल तर मागची बाजू बघा, तिथे स्टुडिओचा पत्ता, मिळालेली मेडलं, कुठल्या लाटसाहेबाचा आश्रय, 'निगेटिव्ह जपून ठेवली आहे' असं बरंच काही छापलेलं असतं. स्टुडिओ जागा बदलायचे, त्यामुळे पत्त्यावरून काळ बऱ्यापैकी कळतो.

आणि मागे काही लिहिलंय का बघायला फोटो पुठ्ठ्यापासून सोलू नका प्लीज, अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेला तो कागद फार पातळ असतो, सुटला की गुंडाळतो आणि फाटतो.