वाचकांचे प्रश्न : सायकलचा चढ आणि नाडीचा वेग

प्रश्न : माझे वय 54 आहे. रोज सकाळी मी सायकल चालवतो. सपाट रस्त्यावर निघताच नाडी 68 वरून लगेच 95 च्या आसपास जाते. कात्रजच्या जुन्या घाटात मात्र ती 150 पर्यंत सावकाश चढत राहते आणि वर थांबल्यावरही बराच वेळ उतरत नाही. असा फरक का पडतो? काळजीचे कारण आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे. हृदयाच्या उजव्या कर्णिकेतील (वरच्या कप्प्यातील) साइनस नोड हा पेशीसमूह मज्जातंतूंच्या मदतीशिवायही ठोके देत असतो, आणि तरुण प्रौढांमध्ये हा मूळ वेग मिनिटाला सुमारे 100 असून वयाबरोबर तो थोडा कमी होतो. विश्रांतीत नाडी 68 वर राहते, याचा अर्थ शरीराला विश्रांतीकडे नेणाऱ्या परानुकंपी मज्जासंस्थेतील व्हेगस चेतेने (मज्जातंतूने) हृदयाचा वेग सतत आवरून धरलेला असतो.

पेडल मारण्याचा निर्णय होताच मेंदूकडून येणारा संदेश आणि आकुंचन पावणाऱ्या स्नायूंतील संवेदक मिळून व्हेगसचा हा प्रभाव कमी करतात. व्हेगसच्या टोकाशी स्रवणारे रसायन अ‍ॅसिटिलकोलिन क्षणार्धात विघटित होत असल्यामुळे एक-दोन ठोक्यांतच नाडी वाढू लागते. हलक्या सायकलिंगमधील वाढ मुख्यतः अशी, म्हणजे आवर सैल झाल्यामुळे होते. तिच्यासाठी हृदयाला फारसे उत्तेजन द्यावे लागत नाही.

घाटात तेवढ्याने भागत नाही. मांड्यांच्या स्नायूंत साचणारी चयापचयाची द्रव्ये तेथील चेतातंतूंना उद्दीपित करतात, हृदयाला उत्तेजन देणाऱ्या अनुकंपी चेता नॉरअ‍ॅड्रेनॅलिन सोडतात, आणि श्रम फारच वाढले तर मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीतून अ‍ॅड्रेनॅलिनही रक्तात उतरते. या द्रव्यांचा परिणाम पेशींच्या आत रासायनिक टप्प्याटप्प्यांनी घडतो, म्हणून नाडी सावकाश चढते. थांबल्यावर व्हेगस पुन्हा सक्रिय होऊ लागते, परंतु रक्तातील अ‍ॅड्रेनॅलिन, स्नायूंतील द्रव्ये आणि शरीराचे वाढलेले तापमान ओसरायला वेळ लागतो. आपल्याला दिसणारा विलंब याचाच आहे. दोन्ही चेतांच्या कामाची हद्द काटेकोर नसते, मध्यम श्रमात त्या एकत्रच काम करतात.

हा बदल दोन ठोक्यांमधील अंतराच्या चढउतारातही दिसतो. विश्रांतीत श्वासागणिक हे अंतर बदलते. श्रम वाढतील तसा हा बदल आटत जातो आणि धाप लागून बोलणे तुटू लागते त्या पातळीच्या आसपास जवळजवळ नाहीसा होतो. त्या पातळीच्या वर केलेल्या व्यायामानंतर व्हेगसचा प्रभाव पूर्ववत व्हायला हलक्या फेरीपेक्षा बराच अधिक वेळ लागतो, म्हणूनच रोज घाट चढण्याचा आग्रह मला योग्य वाटत नाही. (अशा मोजमापासाठी छातीचा पट्टा वापरावा, हँडलच्या धक्क्यांमुळे मनगटावरचे घड्याळ अनेकदा चुकते.)

माझ्या मते नाडी किती वर गेली यापेक्षा पहिल्या मिनिटात ती किती उतरली हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिक या रुग्णालयाच्या संशोधकांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ट्रेडमिल चाचणीनंतर पहिल्या मिनिटात 12 किंवा त्याहून कमी ठोक्यांची घट झालेल्यांमध्ये पुढील सहा वर्षांत मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले. घाटमाथ्यावरचे मोजमाप त्या चाचणीची जागा घेऊ शकत नाही, परंतु नाडी सातत्याने फारच कमी उतरत असेल, किंवा छातीत दडपण येत असेल वा भोवळ येत असेल, तर डॉक्टरांना अवश्य दाखवावे. चढ संपताच एकदम थांबू नये. काही मिनिटे हलके पेडल मारत राहिल्यास पायांत रक्त साचून रक्तदाब घसरण्याचा धोका कमी होतो.

प्रश्न : मी 61 वर्षांची असून रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेते. घरच्या स्थिर सायकलवर कितीही जोर लावला तरी नाडी 115 च्या वर जात नाही. व्यायाम वाया जातो का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मुळीच नाही. हे औषध अनुकंपी उत्तेजन अडवते, व्हेगसला हात लावत नाही. त्यामुळे सुरुवातीची वाढ होते आणि पुढची रोखली जाते. प्रत्येक ठोक्याला अधिक रक्त बाहेर टाकून हृदय ही उणीव काही अंशी भरून काढते. नाडीचा कमाल वेग काढण्यासाठी 220 मधून वय वजा करण्याचे सूत्र आपल्याला लागू पडत नाही. पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच जोर ठेवावा आणि व्यायामासाठी गोळी स्वतःहून कधीही बंद करू नये, कारण ती अचानक थांबवल्यास नाडी व रक्तदाब एकदम उसळू शकतात.