मुलीला कॅन्सरच्या औषध-चाचण्यांत काम करू द्यावं का?

प्रश्न : मुलगी नागपुरात बी.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला कॅन्सरच्या नव्या गोळ्यांच्या अगदी सुरुवातीच्या चाचण्यांत काम करायचंय. मला तर हे माणसांवरचे प्रयोग वाटतात. काय करावं? – एक वडील, मानेवाडा

उत्तर : सप्रेम नमस्कार. हे प्रयोगच आहेत, पण मोकाट नाहीत. २०१९च्या नियमांनुसार सरकारची परवानगी, रुग्णांचं हित आणि सुरक्षा पाहणाऱ्या एथिक्स कमिटीची मंजुरी आणि सीटीआरआयवर, म्हणजे औषध-चाचण्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, नोंदणी झाल्याशिवाय पहिला रुग्ण घेता येत नाही. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत करावे लागतात.

मुलगी म्हणते त्या सुरुवातीच्या, म्हणजे पहिल्या टप्प्यात मुख्य प्रश्न असतो तो किती डोस सोसतो, हा. नेहमीचे उपचार थकलेले, आजार पसरलेले मोजके रुग्ण घेतात. बऱ्याचदा तिघांना कमी डोस देतात. गंभीर त्रास झाला नाही, तरच पुढच्या तिघांना वाढवून. गोळी असल्यामुळे रुग्ण ती घरी घेतो. मग कोणती चुकली, उपाशीपोटी घेतली की जेवून, उलटी कधी झाली, हे सगळं कोऑर्डिनेटरला, म्हणजे चाचणीचं रोजचं काम सांभाळणाऱ्याला, खोदून विचारावं लागतं. रक्ताचे नमुने ठरल्या वेळीच हवेत.

इमॅटिनिबची गोळी १९९८ साली अशाच चाचणीत पहिल्यांदा दिली गेली आणि २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. रक्ताच्या एका कॅन्सरचं चित्रच तिने पालटलं. पण असं क्वचित घडतं. गोंदिया-गडचिरोलीहून आलेला माणूस विचारेल, ‘मॅडम, यानं बरं वाटंल ना?’ तेव्हा खोटी आशा न लावता, त्याला समजेल अशा मराठी-हिंदीत सांगता आलं पाहिजे. नाही म्हणायचा आणि मधूनच बाहेर पडायचा हक्क त्याला आहे, हेही. संमतीपत्रावर सही घेणं सोपं आहे, हे बोलणं अवघड. मुलीला ते झेपेल का, एवढंच मी तुमच्या जागी पाहिलं असतं.

बी.फार्म.वर कोऑर्डिनेटर म्हणून सुरुवात करता येते. पुढे फार्माकॉलॉजीत एम.फार्म. किंवा तीन वर्षांचं फार्म.डी. पहिल्या टप्प्याचं काम मोजक्याच केंद्रांत चालतं. मुंबईला जायची तयारी ठेवा.

‘हमखास नोकरी’वाल्या डिप्लोमाची फी मात्र आत्ताच भरू नका. सीटीआरआयची वेबसाइट मोफत आहे. नागपुरात कुठे कॅन्सरच्या चाचण्या सुरू आहेत ते मुलीला तिथे शोधू द्या, आणि त्यातल्या एखाद्या कोऑर्डिनेटरला भेटायला तुम्हीही सोबत जा.