वादळानंतर जलाशयावर समुद्री पक्षी दिसल्याची नोंद खरी कशी मानायची?

वादळ सरल्यावर समुद्रापासून दूरच्या जलाशयावर सूटी टर्न (काळ्या पाठीचा समुद्री पक्षी) दिसल्याची नोंद तुमच्याकडे आलीय, सोबत एकच फोटो आहे, आणि ती मान्य करावी का असं तुम्ही विचारताय. अशा नोंदी मीही तपासतो.

सुरुवातीला वादळ बाजूला ठेवा. ‘वादळ आलं होतं, मग समुद्री पक्षीच असणार’ असं आधीच ठरवून दुर्बीण लावणारे कमी नसतात. टर्नच्या काही जाती एरवीही जमिनीवरून स्थलांतर करतात, जलाशयावर टेकतात. प्रकाशाविरुद्ध पाहिलं तर त्यातली कुठलीही काळी दिसते.

खरा घोळ ब्रायडल्ड टर्न या तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या समुद्री टर्नशी होतो. सूटीच्या कपाळावरचा पांढरा भाग डोळ्यापाशी संपतो. ब्रायडल्डचा भुवईसारखा डोळ्याच्या मागे जातो. सूटीची पाठ डोक्याइतकीच काळी, ब्रायडल्डची करडी-तपकिरी. नुकतंच उडायला लागलेलं पिल्लू असेल तर नॉडीही (टर्नचाच गडद रंगाचा नातेवाईक) वगळावा लागतो. सूटीचं पिल्लू जवळपास सगळं काळपट असतं, पण पाठीवर फिकट ठिपके आणि पोटाचा मागचा भाग पांढुरका. नॉडी खालूनही गडदच.

ओळख पटली की मग वादळाचा मार्ग नकाशावर बघा. उत्तर गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतं, त्यामुळे मार्गाच्या उजव्या बाजूला वाऱ्यात वादळाचा स्वतःचा वेगही मिळतो, आणि पक्षी आत लोटले जाण्याची शक्यता तिथं जास्त. (दक्षिण गोलार्धात उलट.) काही पक्षी वादळाच्या डोळ्यातच (मधल्या शांत भागात) अडकून त्याच्याबरोबर आत येतात. जागा मार्गापासून फार लांब असेल किंवा बरेच दिवस उलटले असतील, तर नोंद लगेच फेटाळू नका. थकलेला पक्षी रेंगाळतोही. फक्त पुरावा जास्त भक्कम मागा.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून नको, मूळ फाइल घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की काढल्याची वेळ पुसली जाते, आणि जुने फोटो प्रत्येक वादळात नव्यानं फिरतात. पक्षी जमिनीवर मरून पडलेला सापडला, तर चोचीचा बाजूनं फोटो मागवा: वर नळीसारख्या नाकपुड्या असतील तर पेट्रेल-शिअरवॉटर या खुल्या समुद्रावरच्या पक्ष्यांच्या गटातला. शेजारी मोजपट्टी हवी. उघड्या हातानं कुणी उचलायला मात्र सांगू नका.

उंचावर उडणाऱ्या फ्रिगेटबर्ड या लांब पंखांच्या समुद्री पक्ष्याच्या बाबतीत जातीचा हट्ट मी धरत नाही. ‘फ्रिगेटबर्ड, जात अनिश्चित’ ही माझ्या मते उत्तम नोंद.

तुमच्याकडच्या निरीक्षकाला उरलेले सगळे फोटो पाठवायला सांगा, हललेले, धूसर असले तरी. त्यांतच एखाद्यात कपाळ नीट दिसतं. तोवर नोंद प्रलंबित ठेवा.